बारा घरं

तात्या, कावळा लगेच शिवला.

दहाव्याला नदीवर आम्ही सगळे उभे होतो. तुमच्या मुलानं, गणेशनं, पिंड ठेवून चार पावलं मागं सरकायचा अवकाश, समोरच्या बाभळीवरनं एक कावळा उतरला, इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही, आणि भात उचलून गेला. लोक म्हणाले, सुटला माणूस, काही इच्छा राहिली नव्हती त्याची. काकूंनी डोळ्याला पदर लावला. गुरुजीही खूश, त्यांना पुढं दुसरीकडं जायचं होतं. मी मात्र बायकांच्या मागं उभी राहून दातओठ खात होते. म्हटलं, काहीच राहिलं नव्हतं? दीड महिना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मी तुम्हाला नको ते बोलून बसले होते, तुमची जीप भर रस्त्यात थांबली आणि तुम्ही तिच्यातच गेलात. आणि तुमचं माझ्याकडं काहीच राहिलं नव्हतं? मी तर तयारी करून आले होते. कावळा अडला की पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, तात्या, चूक माझी. तेवढीही सवड दिली नाहीत.

राग आला मला तुमचा. मेलेल्या माणसाचा राग येत नाही असं कोण म्हणत असेल तर त्यानं एकदा तुमच्या चाळीत येऊन राहावं.

सात वर्षं झाली. मी आणि माझा नवरा संतोष लातूरकडनं आलो आणि चिखलीत तुमच्याकडं खोली घेतली. बारा खोल्यांची चाळ, पुढं तुमचं घर, मधे अंगण आणि अंगणात पत्र्याखाली ती जीप. पहिल्याच दिवशी विचारलंत, कंपनीत काय करतीस. मी सांगितलं, चाकणला इन्स्पेक्शनला आहे, माल मोजते, बरोबर असला तर पास करते, नाहीतर परत पाठवते. तुम्ही आत काकूंना हाक मारून म्हणालात, "बघ गं, आता चाळीत इन्स्पेक्टर आला. जपून ऱ्हा." तेव्हापासनं मी इन्स्पेक्टरबाई. माझ्या तोंडातनं 'काय करायलाव तात्या' निघालं की तुम्ही मुद्दाम तीनदा तेच म्हणून दाखवायचात, आणि मी तुमच्या 'न्हाई'ला नाक मुरडायचे. आपलं भांडण रोजचं होतं. त्यात विष नव्हतं.

तुम्ही स्वतः पिंपरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं टर्नर. जमीन गेली म्हणून नोकरी मिळाली, आणि जुने लेथ काढून नवी मशीनं आली तेव्हा नोकरीही गेली. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही जीपखाली पडून, तोंड न दाखवता. माझ्या ते लक्षात राहिलं. राहायला नको होतं.

जीप तीस वर्षांची, फोर बाय फोर. तुमच्या बहिणीचं गाव डोंगरात, पावसाळ्यात तिथं दुसरी गाडी चढायची नाही, म्हणून घेतलेली. आता इंजिन धूर ओकायला लागलं होतं आणि त्याचे पार्ट मिळेनात. गणेश मोशीच्या फ्लॅटमधनं फोनवर सांगायचा, दादा, नवीन गाडी घेऊ, हिला सोडा. सोडणार ते तुम्ही कसले? अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन तुम्ही हुडकून आणलंत, आरटीओत खेटे घालून इंजिन बदलायची परवानगी आधी काढलीत, तो कागद प्लास्टिकमध्ये घालून सगळ्या चाळीला दाखवलात, आणि मग एका रविवारी माझ्या दारात येऊन उभे राहिलात. म्हणालात, इन्स्पेक्टरबाय, आता तुझं काम हाय.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं, की काम काय होतं. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स ही दोन वेगळ्या गावची माणसं. एकाच्या बोल्टांची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. म्हणून मधे एक जाड प्लेट घालायची, तिच्यात काही भोकं इकडची, काही तिकडची. भोकं जुळवणं सोपं. अवघड असतं ते दोघांचा मध्य एका रेषेत आणणं. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य थोडेसे जरी सरकले, तरी क्लच हळूहळू फाटतो, बेअरिंग ओरडायला लागतं, आणि एखाद्या दिवशी गाडी रस्त्यात मान टाकते.

गिअरबॉक्सच्या तोंडावर खाकी पुठ्ठा धरून तुम्ही तेलकट अंगठ्यानं भोकांचा ठसा घेतलात. मी नाक मुरडलं, पण तो गिअरबॉक्स उचलून कंपनीत नेणं तर शक्य नव्हतं. ठशावरनं मी ड्रॉइंग केलं. आपल्या गल्लीतल्या वर्कशॉपात प्लेट कापून घेतली. आणि मग मी जे केलं ते कंपनीत कळलं असतं तर मला गेटबाहेर काढलं असतं. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतनं प्लेट आत नेली आणि आमच्या मोठ्या मोजणीच्या मशीनवर तपासली. ड्रॉइंगला सूतभरही सोडून नव्हती. सवयीनं मी तिच्या कडेवर हिरव्या मार्करनं बरोबरची खूण करून खाली सही ठोकली. तुम्ही ती खूण बघून कितीतरी वेळ हसत होतात. म्हणालात, आता नापास कोन करतंय आपल्याला.

मग ती फोनवरची दोन मिनिटं. तीच माझ्या डोक्यातनं जात नाहीत.

प्लेट इंजिनाला लावली की शेवटची तपासणी करायची असते. इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, डायल बसवायचं, म्हणजे ते गोल घड्याळासारखं काट्याचं माप. त्याचं टोक प्लेटच्या मधल्या भोकाला टेकवायचं आणि हातानं फ्लायव्हील एक फेरा फिरवायचं. मध्य सरकला असेल तितका काटा हलतो. डायलच्या तोंडावर रेघा असतात, दोन रेघांच्या मधलं ते एक घर. पिंपरीपासनं चाकणपर्यंत सगळे असंच बोलतात. काटा दोन घरं हलला, पाच घरं हलला. कुणाच्या डायलवरचं घर, हे कुणीही विचारत नाही.

मी चहाच्या सुट्टीत होते. तुमचा फोन आला. म्हणालात, "काटा बारा घरं हलतुय. आपल्या चाळीयेवढी. चालतंय का?"

मी म्हटलं, "वीसच्या आत आहे ना? मग चालतंय. आवळा बोल्ट."

तुम्ही आवळलेत. तुम्ही माझं ऐकायचात, हीच तर पंचाईत होती.

आठवडाभरात जीप चालू झाली. काकूंनी नारळ फोडला, बारा खोल्यांत पेढे वाटले. नवं इंजिन मऊ चालायचं, धूर नाही, खडखड नाही. पण क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक बारीक आवाज यायचा. कळशी फरशीवर सरकवल्यावर येतो तसला. पहिले चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. मग एका सकाळी मी ड्यूटीवरनं येऊन चप्पल काढत होते तर तुम्ही समोर. प्लेट सरकली हाय, म्हणालात. मी म्हटलं, प्लेट मी मोजलीय, तुमच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग तीस वर्षांचं आहे, ते बदला. तुम्ही म्हणालात, बेअरिंग मी बघितलं, चांगलं हाय. मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, मशीन खरं, मग माझं कान खोटं व्हय?

मी दमलेली होते, झोपेला आले होते, सगळी चाळ दारात येऊन ऐकत होती. ही काही सबब नाही. एवढंच की असं होतं. मी म्हणाले, "तात्या, कंपनीनं तुम्हाला उगीच घरी नाही बसवलं."

तुम्ही उलट बोलला असतात, खोली खाली कर म्हणाला असतात, तर मी तिथल्या तिथं पाय धरले असते. तुम्ही वर टाकीकडं बघितलंत आणि म्हणालात, पाण्याची मोटार चालू ऱ्हायलीया, जाता जाता बंद कर. आणि आत गेलात. मी मोटार बंद केली.

त्यानंतर दीड महिना. आपल्याकडं पाणी दिवसाआड येतं. पाणी आलं की तुम्ही माझ्या दाराशेजारच्या पाइपावर पान्ह्यानं तीनदा वाजवायचात, कारण माझी ड्यूटी उलटसुलट, झोपून राहिले तर हंडे रिकामे राहतील. त्या दीड महिन्यातही तुम्ही एकदाही चुकला नाहीत. टण टण टण. मी आत कडीला हात लावून उभी राहायचे, तुमच्या चपलांचा आवाज लांब गेला की दार उघडायचे. संतोष म्हणायचा, अगं जाऊन एक शब्द बोल, वडिलांसारखे आहेत. मी म्हणायचे, आधी ते कबूल करू देत की बेअरिंग आहे. काय माज होता मला, तात्या.

आणि ती सकाळ. माझी दुसरी पाळी होती, मी घरातच भाजी निवडत होते. दहा-साडेदहाचा सुमार. जीप चालू झाल्याचा आवाज आला. भांडणानंतर मी घरात असताना ती पहिल्यांदाच निघत होती. तुम्हाला बरं वाटत नाही, काकूंना शेजारी बसवून तुम्ही दवाखान्यात निघालात, हे मला माहीत नव्हतं. पण दार उघडलं असतं तर कळलं असतं. मी दार उघडलं नाही. मी काय केलं माहिती आहे? मी हातातली गवार तशीच धरून कान दिला. तुम्ही क्लच दाबला, गिअर टाकला, आणि तो आवाज आला नाही. अजिबात नाही. मी मनात म्हटलं, बघा, बदललं ना गुपचूप बेअरिंग, म्हणजे माझंच खरं. चांगलं वाटलं मला. तुम्ही फाटकातनं बाहेर पडत होतात आणि मी आत बसून जिंकत होते.

अर्ध्या तासात फोन आला. मोठ्या रस्त्याला चौकाच्या अलीकडं जीप थांबली. लोकांनी तुम्हाला रिक्षात घातलं, पण तोवर सगळं झालेलं होतं. दुपारपर्यंत चाळीत एकच बोलणं, गाडीनं ऐन वेळी दगा दिला, चालू राहिली असती तर माणूस वाचला असता. गणेशनं जीप दोरानं ओढून आणून पत्र्याखाली उभी केली, बॅटरी काढून घेतली आणि सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही. तेराव्यानंतरच्या रविवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल.

मी स्वतःला समजावत होते. प्लेट मोजलेली आहे, बारा घरं होती, वीसच्या आत होती. गाडी थांबली असेल कशानंही, डिझेलमध्ये कचरा आला असेल. बारा, वीसच्या आत. भांडी घासताना, बसमध्ये, कंपनीत माल मोजताना, हेच.

तेराव्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बोलावलं. तुमची हत्यारं आवरत होत्या. एक लाकडी डबी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ह्ये तुझ्याच कामाचं. गणेशला काय कळतंय त्यातलं." तुमचं डायल. ती डबी मी सात वर्षांत शंभरदा तुमच्या हातात पाहिली होती, आत कधी नीट डोकावले नव्हते. खोलीत येऊन उघडली. काच पिवळी पडलेली, कापडात नीट गुंडाळलेलं. तोंडावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, इंच.

मी माझं डायल आणून त्याच्याशेजारी ठेवलं.

माझ्या डायलचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तुमचं एक घर म्हणजे इंचाचा हजारावा. तुमचं एक घर म्हणजे माझी अडीच. तुमची बारा म्हणजे माझी तीस. माझी हद्द होती वीस. तीस घरं सरकलेली प्लेट मी चहा पिता पिता पास केली होती. दोघंही घरच म्हणत होतो, तात्या, आणि दोघांची घरं वेगळी होती. तुमचा ठसा चुकला असेल, माझं ड्रॉइंग त्या ठशावरचं, पण तपासणी माझी होती. कुठलं डायल आहे, हा पहिला प्रश्न. नवीन आलेल्या मुलींना मी तोच शिकवते. तुम्हाला मी तो विचारला नाही. आणि ज्या कानांनी ती चूक बरोब्बर पकडली त्या कानांना मी काय म्हणाले, ते सगळ्या चाळीनं ऐकलंय.

संतोष म्हणाला, आता गाडी भंगारातच चाललीय, कुणाला कळणार आहे. मी म्हटलं, मला कळलंय ना. मला बघायचं होतं. क्लच फाटला होता का, शाफ्ट अडकला होता का, तुम्ही माझ्यामुळं त्या चौकात अडकलात का. नुसत्या अंदाजावर मला जगता येणार नव्हतं. मी गणेशकडं गेले. रविवारी चारपर्यंत गाडी मला दे, एवढंच मागितलं. तो म्हणाला, "सुरेखाताई, त्या गाडीनं माझा बाप खाल्ला. काय बघायचंय तिच्यात?" मी म्हणाले, प्लेट माझी आहे, मला माझी प्लेट बघायची आहे. तो हो म्हणाला. भंगारवाला चारला येणार होता.

रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं सुरू झालो. संतोष असेंब्ली लाइनवर आहे, त्याला हात आहे, पण असली गाडी त्यानं कधी खोलली नव्हती. शाफ्ट सोडवले, खालचं सगळं सोडवलं, गिअरबॉक्सखाली जॅक लावला. एक बोल्ट गंजून बसला होता, त्यानंच तास खाल्ला. अकरा वाजले, बारा वाजले. काकू दोनदा चहा ठेवून गेल्या. चाळीतले लोक लांबनं बघत होते, त्यांना वाटत होतं मी काहीतरी सुटा भाग काढून घ्यायला आलेय. वाटू दे म्हटलं. एकच्या सुमाराला गिअरबॉक्स मागं सरकला. मी टॉर्च तोंडात धरून आत बघितलं.

क्लच साबूत होता. कोरा करकरीत नाही, पण कुठं फाटलेला नाही, जळलेला नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण आमचं शिक्षण असं की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं. आणि तीस घरं सरकलेली असताना क्लच असा राहतोच कसा, हे मला कळेना.

क्लच उतरवला. मग मला पिना दिसल्या. प्लेट जागेवर धरून ठेवायला दोन पिना असतात. ड्रॉइंगमध्ये मी त्या सरळ दाखवल्या होत्या, वर्कशॉपातनं सरळच आल्या होत्या. ह्या माझ्या पिना नव्हत्या. ह्यांच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच होती. मी एक पीन बाहेर काढली, हातात फिरवली. पीन वाकडी होती, तात्या. म्हणजे मुद्दाम वाकडी केलेली. अर्धा भाग एका मध्यावर, अर्धा भाग किंचित सरकलेल्या मध्यावर. जागेवर बसवून स्क्रूड्रायव्हरनं थोडी फिरवली की अख्खी प्लेट त्या बाजूला सरकते. लेथच्या एका जबड्याखाली पत्र्याचा पातळ तुकडा घालून असली पीन घडवायची असते. आमच्या कंपनीत आज हे हातानं करून दाखवेल असा एक माणूस नाही.

पीन परत बसवली, खाच जशी होती तशीच ठेवली. फ्लायव्हीलवर माझं डायल लावलं. संतोष फ्लायव्हील हळूहळू फिरवत होता. मी काट्यावरनं नजर हलवली नाही. एक घर. दोन. तिसऱ्या घरात जाऊन काटा परत फिरला. मी म्हटलं, पुन्हा फिरव. पुन्हा तीन. मग डबीतनं तुमचं डायल काढलं आणि ते लावलं. तुमच्या काट्यानं सव्वा घर दाखवलं. बाराचं सव्वा केलं होतंत तुम्ही, अंगणात उकिडवं बसून, माझ्या दारापासनं वीस पावलांवर.

काकू मागं येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, हे कधी केलं त्यांनी. तर म्हणाल्या, भांडण झाल्यावर आठ-दहा दिवसांत, तू ड्यूटीवर असताना. कुण्या जुन्या दोस्ताच्या लेथवर जाऊन पिना करून आणल्या, तीनदा जमल्या नाहीत, चौथ्यांदा जमल्या. मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही.

"मी म्हनलं व्हतं की त्यास्नी, पोरीला सांगा. तर म्हनले, न्हाई, चूक माझ्या डायलची बी हाय. तिला आपनहून यिऊ दे. आली की दावतो."

मग जे विचारायला सकाळी सातपासनं माझा जीव अडकला होता ते विचारलं. काकू, त्या दिवशी गाडी बंद कशी पडली?

काकू माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी भलतंच बोलले. म्हणाल्या, "बंद कुठं पडली? त्यांनीच थांबवली. म्हनले, काय तरी हुतंय गं. रस्त्याच्या कडंला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक वढला, किल्ली फिरवून माज्या हातात दिली. मंग मान टाकली." इतके दिवस सांगितलं का नाही, असं मी म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला कुनी इचारलंच न्हाई. समद्यांनी आपलं आपलं ठरवलं."

किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीतच होती. तेव्हापासनं तिथंच होती.

मी रडले, तात्या. तेलकट हातांनी, सगळ्या चाळीसमोर, आवाज करून रडले. माझी प्लेट तुम्हाला घेऊन गेली नव्हती म्हणून रडले, आणि ते कळल्यावर दुसरं कळलं म्हणून जास्त रडले. तुम्ही महिनाभर वाट बघत होतात. पाइपावर पाण्यासाठी वाजवत होतात हे खरं, पण नुसतं पाण्यासाठी नव्हतात वाजवत. आणि त्या सकाळी आवाज आला नाही तो बेअरिंग बदललं म्हणून नाही, तर तुमचे कान खरे होते म्हणून. मी आत बसून जे जिंकले ते तुमचं होतं.

साडेतीनला गणेश आला. मी त्याला सगळं सांगितलं, बारा घरांपासनं. फोनवर चालतंय म्हणाले तेही, आणि तुम्हाला काय बोलले तेही. काकूंनी मधेच आपलं जे सांगायचं ते सांगितलं, हँडब्रेकचं आणि किल्लीचं. तो जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला, हँडब्रेकवर हात ठेवून. चारला भंगारवाला टेम्पो घेऊन आला. गणेश खाली उतरला नाही, बसूनच त्याला हातानं जा म्हणाला.

आता गिअरबॉक्स परत चढवायचा होता. त्याआधी प्लेट पुसायला घेतली, कडेवर ग्रीस आणि धूळ घट्ट बसली होती. फडक्याला डिझेल लावून घासलं तर माझी हिरवी खूण दिसली, फिकी झालेली. आणि तिच्या शेजारी धातूवर ओरखडून लिहिलेलं तुमचं अक्षर. कंपनीचे फॉर्मसुद्धा मराठीतच भरायचात, तेच ते उभट, ओळीला चिकटलेलं अक्षर. लिहिलं होतं, रिवर्क, तात्या. त्याच्यापुढं, चेक. आणि त्याच्यापुढं बोटभर जागा मोकळी.

कंपनीत असंच असतं. दुरुस्त करणाऱ्यानं आपलं नाव घालायचं, पण आपला माल आपण पास करायचा नाही. तपासणारा दुसरा लागतो. तो येऊन मोजेपर्यंत माल तसाच थांबतो. ही जागा प्लेटच्या बाहेरच्या कडेला होती, गाडीखाली एकदा वाकून बघितलं असतं तरी दिसली असती. महिनाभर रोज दोनदा मी त्या गाडीशेजारनं गेले आणि आले, मान ताठ ठेवून.

म्हणजे कावळा चुकला, तात्या. त्याला घाई झाली होती किंवा त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं. तुमच्या कामावर माझी एक सही राहिली होती.

मी मार्कर काढला. कंपनीत मी नुसतं एक अक्षर ओढते. इथं पूर्ण नाव लिहिलं. मोजून लिहिलं.